साहेबांचं ऊन

सकाळी दहाच्या ठोक्याला साहेबांचा सूर्य विझला. त्या वेळी फोकसभाऊ जावयाच्या घरात, जावयाच्या खुर्चीत, जावयाचंच वर्तमानपत्र वाचत बसले होते. कोपऱ्यातून आधी 'फिस्स' असा आवाज आला, मग 'टिक्', आणि तिथला पिवळा उजेड नाहीसा झाला. फोकसभाऊंनी वर्तमानपत्र खाली केलं, तिकडे पाहिलं आणि ते खुर्चीतून उठले.

साहेब म्हणजे जावयाने पाळलेला सरडा. कुंपणावरचा साधासुधा नव्हे. चांगला हातभर लांब, डोक्यावर तुरा, दोन डोळ्यांनी एकाच वेळी दोन दिशांना बघणारा आणि दिवसभर एका फांदीवर बसून काहीही न करणारा, म्हणून साहेब. त्याला राहायला माणसाच्या छातीएवढा उंच जाळीचा पिंजरा होता. आत मनीप्लांट, छत्रीसारख्या पानांचं एक झाड, वेली, फांद्या. छताच्या जाळीवर बाहेरच्या बाजूने दोन दिवे: एक लांब पांढरी नळी आणि एक गोल उन्हाचा दिवा. या दुसऱ्या दिव्याखाली साहेब सकाळी अंग शेकत.

जावई जमीन मोजणारा. त्या धंद्यामुळे तो चहात साखरसुद्धा चमचा समपातळीत धरून घालायचा. मुलीच्या कामाची कसलीशी परिषद होती, तिला सोबत म्हणून तोही दोन दिवस गेला होता. मागच्या खेपेला फोकसभाऊंनी या घरातला पंखा दुरुस्त केला होता आणि तेव्हापासून तो हवा वर फेकत होता. त्यामुळे साहेबांना सासऱ्यांच्या हवाली करायला जावई काही केल्या तयार नव्हता. शेवटी मुलीने शब्द टाकला. "बाबांनी पस्तीस वर्षं नाटकांना प्रकाश दिलाय," ती म्हणाली होती. "दोन दिवे दोन दिवस सांभाळायचेत. काही झालं तर मला बोल." म्हणजे आता प्रश्न सरड्याचा नव्हता, मुलीच्या शब्दाचा होता.

फोकसभाऊंनी जावयाला फोन लावला. बंद. मुलीचाही बंद. दोघं विमानात असणार. मग त्यांनी जावयाने लिहून ठेवलेल्या कागदावर प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर शोधला.

"दिवा गेला म्हणून लगेच मरत नाही तो," बाई म्हणाल्या. "पण गारठेल, खाणं सोडेल. जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा असेल ना घरात, साठ वॅटचा, तो लावा. आणि ऐका, दिवा लावल्यावर जिथे सरडा बसतो तिथे आपला हात..."

"बाई," फोकसभाऊ अदबीनं म्हणाले, "दिव्यांचं मला सांगू नका." आणि त्यांनी फोन ठेवला.

जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा कोपऱ्यावरच्या दुकानात नव्हता. पुढच्या दुकानातही नव्हता. तिसऱ्या दुकानदाराने त्यांच्याकडे असं बघितलं की जणू त्यांनी कंदिलाची वात मागितली होती. सगळीकडे थंड पांढरे दिवे. उजेड भरपूर, ऊब शून्य. फोकसभाऊ हात हलवत परत आले आणि गाडीजवळ थबकले. गाडीच्या डिकीत त्यांचा रंगमंचावरचा लाडका स्पॉट होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण म्हाताऱ्या शिपायाने तलवार उशाशी ठेवावी तसा तो त्यांनी गाडीत ठेवला होता. पाचशे वॅट. सोबत उजेड कमीजास्त करायचा डिमर.

"अहो, हे काय आणलंत?" बायकोने दारातून विचारलं. साहेब होते त्या खोलीत ती काल आल्यापासून आली नव्हती. सरडा म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलायची.

"ऊन," फोकसभाऊ म्हणाले.

दिवा बांधण्यात त्यांनी कुठेच कसूर केली नाही. दोन टेबलांवर दोन खुर्च्या, त्यावर आडवा बांबू, बांबूला पिंजऱ्याच्या छताच्या वर स्पॉट, वर सुरक्षेची साखळी. सगळं जाळीच्या बाहेर. डिमर त्यांनी हळूहळू वर नेला. पहाट, मग कोवळं ऊन, मग सकाळ. साहेबांनी एक डोळा वर फिरवला, दुसरा फोकसभाऊंवर ठेवला आणि अंग दिव्याकडे वळवलं. दोन मिनिटांनी फोकसभाऊंनी पाहिलं, तर साहेबांची दिव्याकडची बाजू काळी ठिक्कर आणि अलीकडची बाजू हिरवी.

"अगं," ते कसंबसं म्हणाले, "हा एका बाजूनं करपला."

"बघू," बायकोने उंबऱ्यावरून मान लांब केली. "अगंबाई. पोळीसारखा. आता उलटा की."

फोकसभाऊंनी पुन्हा डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"करपला नाही," बाई म्हणाल्या. "गारठलेला सरडा उन्हाकडची बाजू काळी करतो, ऊब ओढून घ्यायला. म्हणजे त्याला अजून ऊब हवीय. पण बेतानं हं, तुम्ही तो हात..."

'अजून ऊब' एवढे शब्द फोकसभाऊंना पुरले. 'बेतानं' हा शब्द कानावर पडेपर्यंत त्यांचा अंगठा डिमरवर होता. पस्तीस वर्षं त्यांनी उजेड डोळ्यांनी मोजला होता, आणि नटाला किती उकडतं हे नटाने सांगायचं असतं. साहेब काही सांगत नव्हते. ते हळूहळू फिके पडले, मग अगदी पिवळट झाले, आणि मग त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच ठेवलं.

"जांभई देतोय," बायको म्हणाली.

"समाधान झालंय त्याचं," फोकसभाऊ म्हणाले. पण वरची पानं कडेने वळायला लागली होती आणि मनीप्लांटचं एक टोक त्यांच्या डोळ्यांदेखत मान टाकत होतं. ही काही समाधानाची लक्षणं नव्हेत, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा बाराला एक मिनिट होतं. ते डिमरकडे वळले.

बाराच्या ठोक्याला पिंजऱ्यातून पुन्हा 'फिस्स' असा आवाज आला. पिंजऱ्याच्या छताला एक बारीक नळी होती आणि झाडांना ओल मिळावी म्हणून ती दर दोन तासांनी आपोआप फवारा सोडायची. फवारा झाडांवर पडायला हवा होता. तो सरळ वर गेला, जाळीतून बाहेर पडला आणि तापून लाल झालेल्या पाचशे वॅटच्या काचेवर बसला.

आवाज असा झाला की बायको जागच्या जागी खाली बसली. काचेचे तुकडे जाळीवर खळखळले, चुरा आत पानांवर पडला आणि घरातली वीज गेली. फ्रीजसुद्धा गप्प झाला. फोकसभाऊंनी डिमरची वायर काढली.

"काचेवर पाय दिला तर त्याचा पाय कापेल," ते म्हणाले. "सगळं बाहेर काढायला हवं. अगं, ये, कुंड्या धर."

"मी? त्या पिंजऱ्यातल्या?"

"मुलीनं शब्द दिलाय."

या एका वाक्यावर बायको उठली. पदर खोचला, डोळे अर्धे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा ती त्या खोलीत आली. दोन कुंड्या फोकसभाऊंनी काढल्या. छत्रीच्या पानांचं मोठं झाड तिने छातीशी कवटाळलं, गच्चीत नेलं, ठेवलं आणि धावत परत येऊन हात धुतले. पिंजरा रिकामा झाला. अगदी रिकामा. फोकसभाऊंनी फांद्या पाहिल्या, कोपरे पाहिले, पिंजऱ्याचं दार पाहिलं. ते दार मघापासून सताड उघडं होतं.

"साहेब नाहीत," ते म्हणाले.

पुढचा पाऊण तास त्या घराने काय पाहिलं ते घरालाच ठाऊक. बायको खुर्चीवर उभी राहून दिशा सांगत होती आणि फोकसभाऊ पोटावर पडून सोफ्याखाली, कपाटाखाली, पलंगाखाली सरकत होते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते म्हणतात. ज्या घराला कुंपणच नाही तिथे सरड्याने कुठवर धावावं, याला उत्तर नव्हतं. जावयाच्या हिरव्या मोज्याला त्यांनी दोनदा 'साहेब' म्हणून हाक मारली. मुलीला काय सांगायचं, याची वाक्यं ते मनात जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य 'बेटा' या शब्दापाशीच अडत होतं.

"झाडं तरी सुकू नयेत," बायको म्हणाली आणि पाण्याचा तांब्या घेऊन गच्चीत गेली. बराच वेळ ती परत आली नाही.

फोकसभाऊ गेले तेव्हा ती तांब्या हातात घेऊन पुतळ्यासारखी उभी होती. छत्रीच्या झाडात, तिने कवटाळलं होतं बरोबर त्याच उंचीवर, साहेब बसले होते. खऱ्या उन्हात त्यांचा रंग असा खुलला होता की फोकसभाऊंना आपली सगळी कारकीर्द फिकी वाटली. हिरवा, त्यात पोपटी पट्टे, त्यावर निळसर ठिपके.

"तो माझ्या इथे होता," बायको गळ्यापाशी बोट ठेवून म्हणाली. "इथे. गच्चीपर्यंत."

"तू बस," फोकसभाऊ म्हणाले आणि त्यांनी तिसऱ्यांदा फोन लावला.

या वेळी त्यांनी डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, आणि वर कागदावर उतरवूनही घेतलं. दिवा छोटा हवा. जाळीवर न टेकता एक वीत वर हवा. साहेब बसतात तिथे आपल्या हाताची पाठ धरायची; आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसतो. वायर आधी खाली लोंबकळून मग वर बटणाकडे जायला हवी, म्हणजे ओघळलेलं पाणी वाटेतच टपकतं. झाडांची सावली अशी हवी, की त्याला ऊन नको वाटलं तर बाजूला होता येईल. आणि रात्री पूर्ण अंधार. बाईंनी साहेबांचे पाय तपासायला सांगितले. पाय शाबूत होते. अडगळीच्या खोलीकडच्या जिन्यावर एक जुना पिवळा दिवा मिळाला, अगदी चाळीस वॅटचा. फवाऱ्याचं तोंड फोकसभाऊंनी खाली वळवलं आणि मीटरपाशी पडलेलं बटण वर करून वीज आणली. पाच वाजेस्तोवर पिंजरा धुऊनपुसून उभा होता आणि साहेब आपल्या फांदीवर बसून काहीही करत नव्हते. फोकसभाऊंनी तिथे हाताची पाठ धरून पाहिली. जानेवारीतल्या सकाळच्या उन्हासारखं लागलं.

तेवढ्यात जावयाचा फोन आला. फोकसभाऊंनी मनाशी ठरवलेलं वाक्य ओठांवर आणलं, पण जावई कुजबुजत्या आवाजात आधीच सुरू झाला होता.

"बाबा, ती खाली गेलीय, पटकन सांगतो. उन्हाचा दिवा फुटला असेल ना?"

फोकसभाऊंनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"मला विमानात आठवलं. काल फवारा साफ केला आणि तोंड वरच राहिलं. ती मला चारदा म्हणाली होती, तोंड बघ, पाणी दिव्यावर जाईल. मी म्हणालो बघितलं. बघितलंच नव्हतं, बाबा. मोजमापात माझी चूक झाली हे तिला कळलं तर ती वर्षभर ऐकवेल." त्याने आवाज आणखी खाली आणला. "तुम्ही... म्हणजे, तुमच्या हातून फुटला असं सांगाल का? तुमच्यावर ती चिडायची नाही."

फोकसभाऊंनी बायकोकडे पाहिलं. ती केरसुणीने काच गोळा करत होती. फोनमधला शब्द न शब्द ऐकून तिचा हात जागीच थांबला होता.

"सांगतो," फोकसभाऊ गंभीर आवाजात म्हणाले.

पाठीमागे दार वाजलं आणि फोन मुलीच्या हातात गेला. "बाबा, सगळं ठीक ना? याचा चेहरा असा का झालाय?"

"बेटा," फोकसभाऊ म्हणाले, "दिवा माझ्या हातून फुटला."

"कुणाला लागलं नाही ना? मग जाऊ दे हो," मुलगी म्हणाली. "होतं असं. निदान सरळ कबूल केलंत. शिक म्हणावं याला काहीतरी."

फोन पुन्हा जावयाकडे गेला. त्याचा आवाज चक्क भरून आला होता. "बाबा, माझ्यासाठी तुम्ही एवढं खोटं बोललात."

"चालायचंच," फोकसभाऊ म्हणाले, आणि पायाच्या अंगठ्याने पाचशे वॅटचा एक मोठा तुकडा त्यांनी हळूच बायकोच्या सुपलीत सरकवला.