भिंतीवर हाय का?

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर कोंबडीने माती उकरल्यासारखं, आणि वेलांट्या मी अंदाजाने देते. तेवढं माफ करा. पण कादरभाईंबद्दल लिहिते आहे ते सगळं खरं आहे.

कादरभाई आमच्या कुरखेड्याच्या खासगी दवाखान्याचे मॅनेजर, मी तिथली आया. दवाखान्याच्या नोंदणीचा कागद भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये होता, शेजारी डॉक्टरांची डिग्री आणि दरपत्रक. कोणी तापाने फणफणत आला तरी कादरभाई त्याला आधी त्या भिंतीसमोर उभा करायचे. "पयले कागद पाय, मंग नाडी दाखव."

जंगलातल्या गावांहून येणारी माणसं तो कागद वाचणार कुठून? ती हात जोडून फ्रेमला जोहार करायची. एका आजीने तर खाली तांदळाचे दाणे वाहिले.

"अवं माय, देव नाई हा, नोंदणी हाय!" कादरभाई ओरडले. आजीने नोंदणीला पुन्हा जोहार केला.

"भिंतीवर हाय का?" हा त्यांचा कायमचा सवाल. भिंतीवर नसेल ते कायद्यात नाही. एकदा भाचीला पाहायला पाहुणे आले, मुलगा दातांचा डॉक्टर. सरबत यायच्या आधी यांनी त्याला नोंदणीचा नंबर विचारला. पाहुणे तहानलेलेच परत गेले. कादरभाई मला म्हणाले, "बरं झालं शेवंताबाई. नंबर सांगता सांगता पोरगा अडकला ना!"

एका बाजाराच्या दिवशी रैनूबाबा तापलेल्या नातीला घेऊन आले. आमच्याकडे फी आधी. मोहफुलं विकून आलेले पन्नास रुपये बाबांनी दिले, कादरभाईंनी गल्ल्यात टाकून पावती फाडली. तेवढ्यात बल्लारपूरहून डॉक्टरांचा फोन आला, आज येणं होत नाही. कादरभाईंनी पोरीचा ताप सांगितला, डॉक्टरांनी तिकडून गोळ्या सांगितल्या.

"साहेब, तुमी पोरीले पायलंच नाई. तपासणीची फी वापस करू?"

"औषध सांगितलं ना? फी राहू द्या." फोन बंद.

कादरभाईंनी रिसीव्हरकडे पाहिलं, मग भिंतीकडे. दरपत्रकात फोनवरच्या सल्ल्याचं नाव नव्हतं. गोळ्यांच्या कपाटाला हात लावला नाही. पोरीला खांद्यावर घेऊन ते सरकारी दवाखान्यात गेले. रक्तात मलेरिया निघाला, औषध वेळेवर सुरू झालं. बाबांचे पैसे मात्र गल्ल्यातच राहिले.

दोन दिवसांनी डॉक्टर आले ते पाटी घेऊनच. 'फोनवर सल्ला, पन्नास रुपये.' स्वतः खिळा ठोकला. "घ्या कादरभाई, आता भिंतीवर आहे."

मला वाटलं, मिटलं.

"हाय," कादरभाई म्हणाले. "पण आज हाय. फी परवा घेतली."

"पन्नास रुपयांसाठी वाद घालता? नोकरी करायची आहे की नाही?"

कादरभाईंनी चाव्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. माझ्या हातातला पोछा थांबला. घरी त्यांचं कोणी नव्हतं. भाची लग्न होऊन गेली होती, आणि ते जेवायचेही खानावळीत. दवाखाना सुटला तर हा माणूस दिवसभर करणार काय?

मग ते हळू म्हणाले, "साहेब, माह्या पोरीले, जुबेदाले असाच ताप होता. ज्यानं सुई देल्ली त्यानं तिले नीट पायलं नाई, अन् मी त्याच्या भिंतीकडे पायलं नाई. तिले घरी नेतानी भिंतीकडे पायलं, तवा ती गेली होती. भिंतीवर नुसतं कॅलेंडर होतं."

डॉक्टर उठले, आपल्या हाताने पाटी काढली आणि चाव्या कादरभाईंकडे सरकवल्या.

पुढच्या बाजारी रैनूबाबा आले. नात पुढे पुढे पळत होती. आल्याबरोबर दोघांनी फ्रेमला जोहार केला. कादरभाई या वेळी ओरडले नाहीत. शेजारी उभे राहून त्यांनीही भिंतीकडे जरा वेळ पाहिलं. मग गल्ला उघडला आणि बाबांच्या हातावर पन्नास रुपये ठेवले, पुरेपूर.