टिपणीस काकांचं घरगुती भविष्य

टिपणीस काका कुठल्याही दारातून नुसते जात नसत. दार उघडताना तोंडानं "श्शूक" असा आवाज काढत आणि आत गेल्यावर पुन्हा एक "श्शूक" करून ते बंद करत. डॉक्टरांच्या दवाखान्यात, गणपतीसाठी मंडळानं घेतलेल्या चर्चच्या हॉलमध्ये, आमच्या बाथरूमच्या दाराशीसुद्धा. "नीला, पुढे सगळी दारं अशीच, आपोआप सरकणारी होणार आहेत," ते मला सांगत. "आपण आत्तापासून सवय ठेवावी."

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, शॉमबर्गला ते आमचे शेजारी होते. पंचावन्नच्या आसपासचे, लग्न न केलेले. नोकरी लिफ्टची बटणं बनवणाऱ्या कंपनीत. त्याआधी दहा वर्षं ते इंग्लंडात, लेस्टरला होते आणि तिथून एक वेड घेऊन आले होते: ब्रिटिश टीव्हीवरच्या जुन्या अंतराळ मालिका. शनिवारी दुपारी पब्लिक चॅनलवर तसलं काहीतरी लागे. पुठ्ठ्याचं यान, चंदेरी रंग फासलेल्या भिंती, आणि कुणी जरा जोरात चाललं की त्या भिंती थरथरायच्या. माझी दहा वर्षांची सोनाली एकदा किंचाळली, "काका, द वॉल इज शेकिंग!"

"शेक होऊ दे," काका म्हणाले. "ती माणसं हसतायत का बघ. भिंत हलताना चेहरा गंभीर ठेवणं, याला अ‍ॅक्टिंग म्हणतात."

अमेरिकन सिनेमातलं चकचकीत अंतराळ त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "ते दुकानातलं भविष्य. हे घरगुती. घरच्या चकलीला काटे कमीजास्त असायचेच."

या घरगुती भविष्याची एक शाखा त्यांनी स्वतःच्या बेसमेंटमध्ये काढली होती. प्लायवूडच्या भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवून चंदेरी रंग दिलेला. कंपनीनं टाकून दिलेली लिफ्टची दोनेकशे बटणं. व्हॅक्यूम क्लीनरची नळी, जुन्या वॉशिंग मशीनच्या चकत्या आणि मधोमध, घुमटासारखी उपडी घातलेली पुरणाची चाळण. कुठलंही बटण दाबलं की कुठला तरी दिवा लागे. कोणता, ते काकांनाही माहीत नसे.

माझा नवरा सुरेश कॉम्प्युटरवाला. तो एकदा बोलून गेला, "काका, पुढे बटणं राहणारच नाहीत. सगळं सपाट होणार."

काका त्याच्याशी दोन आठवडे बोलले नाहीत.

त्या वर्षी आम्ही सासूबाईंना मिरजेहून आणलं होतं. सासरे गेल्यानंतर त्या तिकडे एकट्याच होत्या. इथे येऊन तीन महिने झाले, तरी त्या "हो", "नको" आणि "असू दे" एवढंच बोलत. दिवसभर खिडकीशी बसून पार्किंग लॉट बघत. सुरेश त्यांना मॉलमध्ये ने, देवळात ने, सगळं करून थकला होता.

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी आभाळ हिरवट झालं आणि टॉर्नेडोचे भोंगे वाजायला लागले. अशा वादळात तळघर गाठायचं, पण आमच्या भाड्याच्या घराला बेसमेंट नव्हतं. आम्ही सासूबाईंचा हात धरून काकांकडे पळालो. काका दारातच उभे होते. त्या धांदलीतही त्यांनी चौघांसाठी चार वेळा "श्शूक" केलं.

खाली पोहोचलो आणि वीज गेली. काकांचे दिवे मात्र बॅटरीवर चालत होते. वर काहीतरी गडगडत गेलं, सोनाली रडायला लागली आणि सासूबाईंनी भिंतीला पाठ लावून डोळे गच्च मिटून घेतले.

काकांनी व्हॅक्यूमची नळी उचलली आणि अदबीनं त्यांच्या हातात दिली. "आजी, यानाचा डावा पंख तुमच्याकडे."

"मला नाही हो येत हे."

"येत कुणालाच नाही. नळी घट्ट धरायची आणि चेहरा गंभीर ठेवायचा."

तेवढ्यात घराला असा हादरा बसला की प्लायवूडची भिंत अंड्यांच्या ट्रेंसकट पुढे झुकली. सुरेशनं दोन्ही हातांनी ती कशीबशी झेलली.

"सुरेश!" असा काही खणखणीत आवाज आला की आम्ही सगळे दचकलो. सासूबाई नळी छातीशी धरून ताठ उभ्या होत्या. "हलू नकोस! यान कलंडेल! सोनाली, रडतेस काय, तो लाल दिवा बघ! आणि नीला, तू नुसती उभी काय?"

मी घाईघाईनं चाळण धरली. अर्धा तास त्यांनी आम्हाला श्वास घेऊ दिला नाही. काकासुद्धा मुकाट्यानं बटणं दाबत होते. शेवटी रेडिओवर वादळ गेल्याचं सांगितलं.

"पोहोचलो का?" सासूबाईंनी विचारलं.

"पोहोचलो."

"कुठे?"

"शॉमबर्गलाच," काका म्हणाले. "पण सुखरूप."

सासूबाई हसल्या. सुरेश ती भिंत धरूनच रडायला लागला.

पुढच्या शनिवारी सासूबाई इस्त्रीचं पातळ नेसून, डब्यात चिवडा घेऊन एकट्या काकांकडे टीव्ही बघायला गेल्या. त्यांना आणायला मी गेले, तर पडद्यावर एक राक्षस चालला होता. राक्षस म्हणजे हिरवी गोधडी पांघरलेला माणूस, पाठीची चेन स्वच्छ दिसत होती. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांनी काकांचं मनगट घट्ट पकडलं होतं. काका अजिबात हलत नव्हते.

चहाचे कप विसळताना मी म्हटलं, "काका, आईंना आवरायला हवं. तुमचा हात लाल झालाय."

"असू दे," ते म्हणाले. मग एक कप पुसायला घेऊन, "लेस्टरला मी खोली घेऊन राहायचो ना, तिथे घरमालकिणीची म्हातारी आई होती. आठवडाभर माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. शनिवारी मात्र मला खाली टीव्हीला बसायची परवानगी असायची. राक्षस आला की ती घाबरून शेजारच्याचा हात धरायची. शेजारी मी."

"आणि राक्षस गेला की?"

"सोडायची." काकांनी कप पुसून पालथा घातला. "त्या देशात तेवढाच एक हात, नीला. म्हणून मी पहिल्यापासून राक्षसाच्या बाजूचा."