तुतारीवेलाची उपासमार

तीन वर्षं झाली, तुतारीवेलाला एक फूल येईल तर शपथ! निवृत्त तिकीट तपासनीस रोज सकाळी बागेच्या भिंतीसमोर उभे राहून वेलाचा शेंडान् शेंडा तपासत आणि प्रत्येक शेंडा विनातिकीट सापडल्यासारखे भडकत. भिंतीवर दिवसभर ऊन. मग या नालायकाला आणखी काय हवं होतं? फांदी मेहुणीने दिलेली. तिची भिंत केशरी तुताऱ्यांनी भरली होती. "आमची फुलू दे, मग बघ," असं तपासनीस तिला तोऱ्यात सांगून बसले होते, त्यामुळे आता उपाय विचारायचीही सोय नव्हती. आणि दोन महिन्यांनी ती राहायला येणार होती.

पानं मात्र बेसुमार. न्हाणीघराची खिडकी लागेना, छपराची पन्हळ तुंबली.

एका पहाटे ते शेणखताची बादली घेऊन गुपचूप बागेत गेले, तर बुंध्याशी बायको! हातात खताच्या पाण्याची झारी.

"हे कधीपासून चाललंय?"

"तीन वर्षं. तुमच्याच्याने काही होईना म्हणून!"

"अगं, मीही तीन वर्षं घालतोय! अजीर्ण झालं त्याला, तुझ्यामुळे!"

"माझ्यामुळे? यापुढे थेंब घालणार नाही. तुमचा वेल, तुम्हीच बघा!"

"मीही बघणार नाही! वाळू दे मेला!"

बादली उचलून ते फणफणत घरात शिरले. त्या दिवसापासून अबोला. खत बंद, पाणी बंद, त्या भिंतीकडे मान वळवणंही बंद.

मेहुणी आली तेव्हा बेल तीनदा वाजली. "तुझी बहीण, तू उघड," तपासनीस पेपरला म्हणाले. "पाहुणे तुम्ही बोलावलेत," बायको कढईला म्हणाली. शेवटी मेहुणी बागेतून वळसा घालून निघाली आणि मागून तिची किंकाळी आली. दोघंही धावले.

भिंत केशरी झाली होती. घोसच्या घोस लटकत होते.

"अगंबाई! घालता तरी काय याला?" मेहुणीने विचारलं.

बायकोने तपासनिसांकडे बोट दाखवलं, तपासनिसांनी बायकोकडे.

"मी तर काहीच घालत नाही," मेहुणी म्हणाली. "लाड केले की नुसती पानं काढतो. दुर्लक्ष केलं की फुलतो."

तपासनिसांना भरून आलं. दोन महिन्यांत प्रथमच ते बायकोकडे बघून हसले आणि त्यांनी झारी उचलली. "थोडंसं पाणी घालू का गं? बिचारा..."

"झारी खाली ठेवा!" बायको कडाडली. "मी अजून रागावलेय. आणि पुढचा बहर येईपर्यंत रागावलेलीच राहणार आहे!"