सासूबाईंच्या काळजावरील मोहीम

ज्यांस काळीज आहे त्यांनी सावध चित्ते ऐकावे, ज्यांस नाही त्यांनी खुशाल पान उलटावे. रक्तवाहिन्यांच्या कुल मुलुखाचे मुखत्यार, हृदयतज्ज्ञ नजरसाहेब यांनी खुद्द आपल्या सासूबाईंच्या काळजावर स्वारी केली आणि यश संपादिले, ती हकीकत ऐसी जे:

साहेबांस 'नजरसाहेब' हा किताब उगाच मिळाला नव्हता. चोंदलेल्या वाहिनीत स्टेंट, म्हणजे तारेची जाळीदार नळी, बसवावयाचा, तर साहेब क्ष-किरणांच्या पडद्याकडे एक डोळा मिटून पाहत, आणि माप पुकारीत, आणि मग आत फुगा फुगवून स्टेंट रोवीत, आणि कोणी 'पण' म्हणण्यापूर्वी हातमोजे काढून मोकळे होत. पडद्यावर रक्ताच्या वाटेची नुसती सावली दिसते, भिंत दिसत नाही. भिंत पाहावी तर वाहिनीच्या पोटात शिरून ध्वनिलहरींनी चित्र काढणारे अल्ट्रासाउंडचे यंत्र लागते. ते बहुत किमती यंत्र दालनात हजर होते; त्याजकडे क्ष-किरण अडविणारे शिशाचे जड झगे टांगण्याची चाकरी होती. धाकट्या डॉक्टरीणबाईंनी एकदा त्याविषयी अर्ज केला, तो हुकूम जाहला की, ज्यास दिसत नाही त्याने चष्मा लावावा.

आणि कौतुक ऐसे की, हेच साहेब परिषदांतून त्याच यंत्राची महती गात, आणि आत पाहिल्यावाचून स्टेंट बसविणे म्हणजे अघोरी अडाणीपणा, ऐसे गर्जून टाळ्या घेत. एका भाषणास साहेबांच्या पत्नी पुढल्या रांगेत बसल्या होत्या. तेथेच दगा जाहला.

पुढे सासूबाईंच्या छातीत कळ आली, आणि डाव्या बाजूच्या मोठ्या वाहिनीत चोंदणीचा गनीम ठाण मांडून बसल्याचे निष्पन्न जाहले. दुसऱ्या डॉक्टरांचे नाव निघताच साहेबांच्या नाकास मिरच्या झोंबल्या, सबब मोहीम त्यांनीच पत्करली. दालनाच्या दारात पत्नींचे फर्मान सुटले:

"अहो, भाषणात सांगता ते सगळं आईला करायचं. नाहीतर घरी तोंड दाखवू नका."

साहेबांनी मान हलविली आणि आत जाताच विसरले. सवय ती सवय. मनगटाच्या दिंडीदरवाजातून तार आत घातली, आणि गनिमाची फळी फोडली, आणि एक डोळा मिटला.

"तीन मिलिमीटरचा द्या."

स्टेंट रोवला, पडद्यावरची वाट साफ दिसली, आणि साहेबांनी एक मोजा काढला. या कामी रुग्णास झोपवीत नाहीत, फक्त मनगट बधिर करितात. सासूबाईंची जीभ शाबूत होती.

"जावईबापू, ते मशीन झालं का?"

"आई, गरज नाही. झकास बसलाय."

"भाषणात गरज असते म्हणे. लेक सांगत होती."

डॉक्टरीणबाई छताकडे पाहू लागल्या. साहेबांस दाराबाहेरच्या चपलांची येरझार ऐकू आली, आणि मग नवा मोजा चढला, आणि यंत्रावरील झगे उतरले, आणि यंत्राची बारीक नळी जासुदाप्रमाणे आत धाडून हळूहळू मागे ओढिली. चित्र उमटले. एका अंगास चुन्याच्या कठीण थराने स्टेंट चिमटून धरिला होता, आणि दुसऱ्या अंगास तो भिंतीपासून सुटून, पिंपात पडल्या लोट्यासारखा सैल राहिला होता.

"काय दिसतंय हो?" सासूबाईंनी पुसले.

"सर, असाच राहिला तर गुठळी होईल," डॉक्टरीणबाई हळूच बोलल्या.

"आणि मग?" सासूबाईंनी विचारिले.

साहेबांस दरदरून घाम सुटला. ते घामेजले ते एकट्या सासूबाईंपायी नव्हे. मिटल्या डोळ्याने मापलेली सगळी काळजे रांगेने आठवू लागली, दुखणे घेऊन फिरून आलेली, आणि फिरून न आलेलीही.

मग साहेबांनी आयुष्यात प्रथमच माप यंत्रास विचारिले. थोरला, टणक फुगा मागविला, चुन्याच्या थरावर चालून गेले.

"अगं आई गं! छातीवर कोण बसलंय?"

"थोडंच, आई. थोडंच सोसा."

थर तडकला. जासूद पुन्हा आत धाडिला, तो चहूकडे तार भिंतीस भिडली, वर्तुळ गोल जाहले, रक्त निर्वेध वाहू लागले.

"आता कसं हलकं वाटतंय," सासूबाई म्हणाल्या. "आधी नव्हता ना झकास बसला?"

"नव्हता, आई."

हा कबुलीजबाब दालनाबाहेर गेला नाही. बाहेर पत्नींस इतकेच कळविले की, आई सुखरूप, यंत्र लाविले. अहवालात दाखल जाहले ते ऐसे: नामांकित तज्ज्ञांनी पूर्वनियोजनाप्रमाणे अल्ट्रासाउंडच्या साह्याने स्टेंट बिनचूक बसविला. दुसरे दिवसापासून प्रत्येक काळजात आतून पाहूनच स्टेंट रोवण्याचा रिवाज सुरू जाहला, त्याबद्दल साहेबांची बहुत वाहवा जाहली. आदले दिवसापर्यंतच्या काळजांत काय कसे बसले आहे, याचा झाडा कोणी मागितला नाही, साहेबांनी दिला नाही. येणेप्रमाणे संपूर्ण फत्ते जाहली.