एकशे ऐंशी दिवसांचा सविस्तर कार्यक्रम

अपूर्णरावांनी लेकीकडे परदेशी जाण्यासाठी सहा महिन्यांचा टुरिस्ट व्हिसा निवडला, आणि इथपर्यंत त्यांचं काहीही चुकलं नव्हतं.

अपूर्णराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. नोंदणी कार्यालयात चौतीस वर्षं त्यांच्या टेबलावर ‘अपूर्ण’ असा रबरी शिक्का होता. कुणाच्या अर्जात एक रकाना रिकामा दिसला, की हाणला शिक्का. एकच नोंद दोनदा दिसली, की मारली लाल पेन्सिलीची रेघ. निवृत्त झाल्यावर शिक्का टेबलावरच राहिला, सवय मात्र घरी आली. (पहिल्याच महिन्यात त्यांनी बायकोच्या वाणसामानाच्या यादीतला दुसरा साबण खोडला. एक अंगाचा आणि एक कपड्यांचा होता, हे त्यांना बाजारातून परतल्यावर सांगण्यात आलं.)

लेकीचं पहिलं बाळंतपण. ती फोनवर म्हणाली होती, “आई, तू येच. आणि बाबांनाही आण.” यातल्या ‘बाबांनाही’मधला ‘ही’ अपूर्णरावांच्या लक्षात आला नाही. त्यांना एवढंच कळलं, की आपलं नातवंड या जगात येईल तेव्हा आपण दाराबाहेर उभं असलं पाहिजे. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी दुसरं काही फारसं मागितलं नव्हतं.

व्हिसाचा एजंट जिन्याखालच्या खोलीत बसत असे. त्याने भराभर सांगून टाकलं, “काका, तीस दिवसांचा आहे, नव्वदचा आहे, एकशे ऐंशीचा आहे. आणि पाच वर्षांचा आहे, कितीही वेळा जा-या.”

“पाच वर्षं!” अपूर्णराव हरखलेच. “मग तोच काढू!”

“पण त्यात एका वेळी नव्वदच दिवस राहता येतं.”

“आपल्याला सलग सहा महिने राहायचंय,” बायकोने आठवण करून दिली. “पाच वर्षांचा काय भिंतीवर लावायचाय?”

एकशे ऐंशी ठरला. प्रत्येकाचा अर्ज वेगळा. शेवटच्या पानावर रकाना होता : ‘प्रेक्षणीय स्थळे व कार्यक्रम’. खाली ‘गरज भासल्यास पुरवण्या जोडाव्यात’. हे वाचून अपूर्णरावांना भरून आलं. चौतीस वर्षांत आपल्या कार्यालयाला जे सुचलं नाही, ते या लोकांनी छापून ठेवलं होतं!

“दोन ओळी लिहा, काका. मुलीकडे राहणार, आसपास फिरणार. बास,” एजंट म्हणाला.

दोन ओळी? अपूर्णरावांनी आठवडाभर जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतला आणि एकशे ऐंशी दिवसांचा तपशील लिहून काढला. अडचण एकच होती, लेकीचं गाव लहान. एक तळं, एक वस्तुसंग्रहालय, एक घड्याळाचा मनोरा, थोडीफार दुकानं. अठ्ठाविसाव्या दिवशी गाव संपलं. मग त्यांनी पुन्हा तळ्यापासून सुरुवात केली. सत्त्याण्णवावा दिवस : ‘तळ्यास उलट बाजूने फेरी’.

“यात बाळ कुठंय?” बायकोने विचारलं.

“रकाना प्रेक्षणीय स्थळांचा आहे. बाळ हे स्थळ नव्हे.”

“धन्य आहे तुमची!” असं म्हणून तिने आपल्या अर्जात दोन ओळी लिहिल्या आणि ती आत गेली.

मुलाखतीच्या दिवशी व्हिसा कचेरीत शिरताच अपूर्णराव जागीच थबकले. जमीन अशी चकचकीत, की स्वतःवर पाय ठेवतोय असं वाटावं. सत्तर माणसं, पण चूं नाही. सहा खिडक्या, आणि एकाही खिडकीवर चहाचा कप नाही. देवळात शिरल्यासारखा त्यांचा हात आपोआप चपलेकडे गेला. बायकोने तो वेळीच धरला.

खिडकीत चष्म्याला साखळी लावलेल्या एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी अपूर्णरावांच्या बावीस पुरवण्या घेतल्या आणि वाचल्या. खरंच वाचल्या, पहिल्या ओळीपासून! मग खणातून लाल पेन्सिल काढली.

अपूर्णराव पुढे वाकून बघू लागले. बाई दुबार नोंदी खोडत होत्या. काय ती रेघ! पट्टी न लावता सरळ. आपल्याला उभ्या जन्मात अशी जमली नाही, असं त्यांना मनापासून वाटलं. त्या कौतुकात आपण कशाची कत्तल बघतोय हेच ते विसरले.

“दुबार वजा जाता अठ्ठावीस दिवस,” बाई म्हणाल्या. “दोन प्रवासाचे. तुम्हाला तीस दिवसांचा व्हिसा पुरेल.”

अपूर्णरावांनी बोटांवर हिशेब केला. त्यांनी लिहिलेल्या तारखेला निघालं, तर तिसाव्या दिवशी परत. आणि बाळ त्यानंतर महिनाभराने.

“मॅडम, पण बाळ...”

“कुठलं बाळ?” बाईंनी पानं चाळली. “इथे बाळ नाही. मुलगीही नाही. एकशे ऐंशी दिवसांत तिचा एकदाही उल्लेख नाही.”

“ती रोजच आहे, मॅडम,” अपूर्णराव कसेबसे म्हणाले. “तीच नोंद रोज कशी करायची?”

बाईंनी चष्मा काढला. मग बाळंतपणाची तारीख विचारली, प्रवासाची तारीख खोडून बाळाच्या आधीचा आठवडा लिहिला.

“बाळ बघाल. पण दिवस तीसच. बसा तिकडे.”

मग बायको खिडकीशी गेली. पाच मिनिटं बोलणं झालं, दोघी दोनदा हसल्या, आणि बायको एकशे ऐंशी दिवस घेऊन परतली.

“दोन ओळींवर?” पायऱ्या उतरताना अपूर्णराव थक्क होऊन म्हणाले. “काय सांगितलंस?”

“लेकीजवळ राहीन म्हटलं. मग त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं. घरीही असंच करतात का, म्हणाल्या.”

“मग?”

“मी साबणाचं सांगितलं.”

अपूर्णराव दोन पायऱ्या पुढे जाऊन मागे वळले. “अगं, मग माझे दिवस वाढवून मागायचेस ना!”

“मागितले की. तर म्हणाल्या, नियमाने मला वाढवता येतील. पण लेक पहिलटकरीण आहे, तिला यांचे तीसच दिवस झेपतील.”