हे घड्याळ शिकत आहे

काटेकाकांच्या दुकानात तीस-पस्तीस घड्याळं होती आणि त्यातलं एकच बरोबर होतं. बाकीची दुरुस्तीला आलेली, त्यामुळे ज्याला जे वाटेल ते वाजत असे. बरोबर होतं ते दर्शनी काचेतलं, ताटाएवढं. फोन सगळ्यांच्या खिशात होते, पण रस्त्याचा विश्वास या काचेवर. समोरचा शिंपी, कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, बँकेचा पहारेकरी, सगळे येताजाता त्यावरून आपलं मनगट जुळवत. अर्धं मिनिट इकडचं तिकडे झालेलं काकांना खपत नसे. याचा त्यांना थोडा गर्वही होता. थोडा म्हणजे बराच.

सोमवारी इटलीहून मुलाचा फोन आला. "बाबा, छोटी रडतेय. वर्गात सगळ्यांना घड्याळ येतं, हिलाच येत नाही. बाईंना सांगून आलीय, माझे आजोबा घड्याळवाले आहेत, ते शिकवतील."

"मग शिकवू की."

"तिला मराठी येत नाही, बाबा. तुमच्या सुनेलाही जेमतेम. आणि रविवारी मी दौऱ्यावर, मध्ये सांगायला कुणी नाही."

सहा वर्षांच्या नातीशी काकांचं बोलणं म्हणजे तिकडून एक 'चाओ', इकडून एक 'चाओ', मग दोघं नुसती हसत बसायची. ते त्यांना फार लागायचं. पण तिनं बाईंना शब्द दिला होता. "जमेल," ते म्हणाले आणि वाचनालयातून इटालियनचं पुस्तक घेऊन आले.

काकांना हातानं केल्याशिवाय काही शिकता येत नसे. बाकी घड्याळं लोकांची, म्हणून त्यांनी काचेतलंच घेतलं. काटा फिरवायचा आणि मोठ्यानं म्हणायचं. पावणेतीनला ती माणसं 'तीन उणे पाव' म्हणतात, 'सोनो ले त्रे मेनो उन क्वार्तो', हे कळल्यावर तर त्यांना ती घरचीच वाटू लागली. मध्येच गिऱ्हाईक आलं की काटे असतील तिथंच राहत.

मंगळवारी शिंपी आला. "काका, आज मी अकरालाच डबा खाल्ला. तीनला पोट ओरडायला लागलं, तेव्हा तुमच्याकडे एकच वाजत होता."

डॉक्टरीणबाईंचा एक पेशंट तासभर आधी येऊन बसला आणि वाट पाहता पाहता घाबरून दातासकट परत गेला. पहारेकऱ्यानं बँकेचं जाळीचं दार पाऊण तास आधी ओढून घेतलं. आत मॅनेजर होते.

बुधवारी तारखांचा धडा आला. काकांनी पावतीवर 'जोवेदी, दोदिची' असं लिहून दिलं.

"घड्याळ यांच्याकडून घ्यायचं का?" गिऱ्हाईकानं विचारलं.

"अहो, गुरुवार, बारा तारीख."

"मग तसं लिहा ना."

शुक्रवारी शिंपी, डॉक्टरीणबाई, पहारेकरी, तिघं मिळूनच भांडायला आले. काकांनी नातीचं सांगितलं, तशी तिघांची भाषा मऊ झाली. "अहो, निदान पाटी तरी लावा," काकू म्हणाल्या आणि त्यांनीच लिहून काचेला चिकटवली: 'हे घड्याळ शिकत आहे. वेळ पाहू नये.'

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात बसले. समोर फोन, हातात घड्याळ, शेजारी काकू. छोटी दिसली आणि काका सुटलेच. पाऊण, सव्वा, साडे, एकही चूक नाही. काकू कौतुकानं बघत राहिल्या. छोटीची मान मात्र खाली जात होती. आजोबांनाही सगळं येत होतं, वर्गातल्या इतर मुलांसारखं. तिचा ओठ थरथरायला लागला.

सूनबाईंनी घाईनं विषय बदलला. "के ओरे सोनो?" तिकडे किती वाजले?

पुस्तकातला पहिलाच प्रश्न. काकांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. ते धड्यातल्या पावणेतीनवर. मनगटावरचं मंगळवारी त्यावरूनच लावलेलं. भिंतीवर तीस वेळा. फोनवर वेळ असते, पण आत्ता फोनभर नात होती.

"अगं, किती वाजले?"

"मला काय विचारता? स्वयंपाकघरातलंसुद्धा तुम्हीच खोलून ठेवलंय."

काकांचे कान लाल झाले. "नोन लो सो," ते हळूच म्हणाले. मला माहीत नाही.

छोटीनं मान वर केली. घड्याळवाल्या आजोबांना येत नाही? आईकडे बघून तिनं खात्री करून घेतली आणि डोळे पुसायच्या आधीच हसायला लागली. मग 'थांबा' असा हात करून ती मागच्या भिंतीकडे धावली. तिथलं घड्याळ काकांना फोनमधूनही स्वच्छ दिसत होतं. अकरा पंचवीस. ती स्टुलावर चढली, बोट टेकवून पाच-पाच मोजू लागली. काका श्वास रोखून तिच्याबरोबर पुटपुटत होते.

"सोनो ले उन्दिची ए वेंती." अकरा वीस.

सूनबाईंनी तोंड उघडलं. काकांनी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. "ब्रावा," ते म्हणाले. शाब्बास. सूनबाईंनी बोटांवर तासांचा फरक सांगितला, आणि काकांनी तो छोटीच्या अकरा वीसमध्ये मिळवून काटे लावले.

सोमवारी घड्याळ पुन्हा काचेत लागलं, पाटीसकट. शिंप्यानं आपल्या फोनवर पाहिलं, मग काचेत.

"काका, पाच मिनिटं मागे आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"नातीनं लावलंय. रविवारी तीच पुढं करेल."

शिंप्यानं मनगटावरचं घड्याळ पाच मिनिटं मागं केलं आणि दुकान उघडायला गेला.