माशांचं नवं खाद्य आणि सासूबाईंचा गाऊन

माशांच्या भुकेबद्दल मला जेवढं कळतं, तेवढं खुद्द माशांनाही कळत नसेल. ही बढाई नाही, सहा आठवडे रोज सकाळी तळ्याच्या काठावर उभं राहून मिळवलेलं ज्ञान आहे. म्हणून तर नव्या खाद्याच्या पाहणीच्या दिवशी मी घरच्यांनाही सोबत नेलं. बायको म्हणाली, "मासे खाताना त्यात बघायचं काय?"

"मासे नाही गं, इतिहास घडताना बघायचा!"

तर तो इतिहास असा. तळ्यातल्या माशांना पोसायला समुद्रातले लहान मासे पकडतात, वाळवतात आणि दळतात. म्हणजे मासे वाढवायचे म्हणून मासेच संपवायचे! आमच्या प्रयोगशाळेने यावर तोड काढली. स्टीलच्या उंच टाकीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढवायचे, वाळवायचे आणि त्यांची भुकटी करायची. प्रथिनं भरपूर, आणि समुद्राला हात लावायला नको. त्या भुकटीच्या मी गोळ्या बनवल्या. तळेवाल्यांनी एक तळं प्रयोगाला दिलं आणि शेजारच्या तळ्यात जुनं खाद्य चालू ठेवलं. नवं पसंत पडलं तर सगळ्या तळ्यांना तेच, नाही तर आमची टाकी बंद. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी हे मला तीनदा सांगितलं होतं, तिन्ही वेळा चष्मा काढून. त्या चष्मा काढतात तेव्हा मला घाम फुटतो.

"खाद्य मीच घालणार," असं मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. मोजमापात चूक नको म्हणून तळ्याच्या राखणदाराला डब्याला हातही लावू दिला नाही. अडचण एकच होती. ती भुकटी कपड्यांना चिकटली की कितीही धुवा, वास जात नाही. पहिल्या सकाळी निघण्याच्या घाईत मी बाल्कनीत पडलेला एक जुनापुराणा गाऊन उचलला. रंग नारिंगी, त्यावर पिवळी फुलं, एकेक फूल ताटाएवढं. फडक्यांसाठी काढला असेल, असं मला वाटलं. तळ्यावर गेलो की शर्टावरून तो चढवायचा आणि काम झालं की तिथल्याच खोलीत खिळ्याला लटकवायचा.

संध्याकाळी घरी आलो तर कळलं, तो सासूबाईंचा लाडका गाऊन होता. मी कबूल करणारच होतो, पण तोवर सासूबाईंचा तपास पुरा झाला होता.

"शेजारणीनेच नेला. तीन मासे पाळलेत काचेच्या टाकीत, त्यांना बघायचं सोडून आपल्या बाल्कनीत बघत असते."

त्यांनी शेजारच्या काकूंशी बोलणं टाकलं. मी काय केलं? मान डोलावली. एकदा डोलावलेली मान परत कशी घेणार? सहा आठवडे मी जिन्यात काकू दिसल्या की फोन कानाला लावत होतो.

पाहणीच्या दिवशी मी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, वर टाय. काठावर तळेवाले, मॅडम आणि राखणदार उभे होते. मागे खुर्च्यांवर बायको आणि सासूबाई. मी मूठभर गोळ्या उचलल्या.

"आता बघा, पाणी नुसतं उकळेल!"

गोळ्या फेकल्या. पाणी ढिम्म. एकच मासा वर आला, त्याने मला खालून वर न्याहाळलं आणि तो निघून गेला.

"पोट भरलेलं असेल," मी म्हणालो.

"सकाळपासून उपाशी ठेवलेत," राखणदार म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं."

मी आणखी दोन मुठी फेकल्या. गोळ्या तरंगत राहिल्या.

"म्हणजे आवडत नाही यांना," तळेवाले म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढला. दोन वर्षं रात्रीचा दिवस करून उभी केलेली टाकी डोळ्यांसमोर थंड होताना दिसू लागली. तेवढ्यात राखणदाराने तोंड उघडलं.

"साहेब, आज तुम्ही तो रोजचा झगा नाही घातला. हे मासे तुम्हाला कुठे ओळखतात? ते झग्याला ओळखतात. नारिंगी दिसलं की काठाला गोळा होतात."

"कसला झगा?" मॅडमनी विचारलं. "असेल तर घाला की!"

घालायला हरकत नव्हती. गाऊन दहा पावलांवर खिळ्याला होता. पण सासूबाई त्याहून जवळ होत्या. मी टाकीचा विचार केला, डोळे मिटले आणि खोलीत शिरलो.

बाहेर आलो तेव्हा मागच्या खुर्चीवरून फक्त "अगं बाई" एवढंच ऐकू आलं. पुढे मात्र पाणी खरोखर उकळलं! मासे एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत आले. गोळ्या दिसेनाशा झाल्या आणि माझा टाय भिजून गेला.

"थांबा," तळेवाले म्हणाले. "आता रिकाम्या हाताने उभे राहा."

राहिलो. मासे तेवढ्याच उत्साहाने उड्या मारत होते.

"मग हे खाद्याला आले की फुलांना?"

शेवटी राखणदारानेच लाज राखली. त्याने दोन्ही तळ्यांत जाळं टाकलं आणि दहा-दहा मासे वजनकाट्यावर चढवले. नव्या खाद्याचे मासे जुन्यांच्या बरोबरीला होते, किंचित वरच! सहा आठवडे नुसती फुलं बघून कुणाचं वजन वाढत नाही, हे तळेवाल्यांनाही पटलं. त्यांनी होकार दिला. अट एकच घातली, खाद्य घालायला माणसं आलटून पालटून उभी राहतील, पण माशांची सवय मोडेपर्यंत गाऊन तळ्यावरच राहील. मॅडमनी चष्मा घातला. मला इतका आनंद झाला, की मी गाऊनसकट गिरकी घेतली आणि थेट सासूबाईंसमोर येऊन थांबलो.

"जावईबापू," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "गाऊन मला परत नको. उद्या तळ्यावर आणून द्या. आज मात्र तो काढायचा नाही. असेच घरी चला आणि शेजारी जाऊन माफी मागा."

गेलो. काकूंनी दार उघडलं, मला पाहिलं आणि आधी आधारासाठी कपाट धरलं. मग मी सगळं सांगितलं, सहा आठवड्यांचं, एका दमात. त्या इतक्या हसल्या, की त्यांना पाणी आणून द्यावं लागलं, तेही मीच आणलं.

त्यांचे काचेच्या टाकीतले तीन मासे मात्र माझ्याकडे पाठ करून बसले होते.